गंगीचं पथ्य

आमची मांजर शाकाहारी आहे, असं अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत. कुणी मिठाची पुडी न्यायला आलेला असो की लग्नाच्या किराण्याची यादी घेऊन आलेला असो, तुरीच्या पोत्यावर पाय दुमडून बसलेली गंगी त्याला दिसली की माझ्या वडिलांचं सुरू व्हायचं. "वाण्याच्या घरचं मांजर हाय. वशाट तोंडात घेत न्हाई. दूध-भाकर, दहीभात, लई झालं तर तुपाची बेरी." समोरचा मिश्कील असला तर विचारी, "मग उंदरं कोण मारतंय, अप्पा?" त्यावरही उत्तर तयार असे. "मारती. पर खात न्हाई." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की पुढचा माणूस हसायचं विसरून गूळ मागू लागे. रोज सकाळी कोठी झाडताना पोत्यांमागून उंदरांची शेपटं निघत, कधी एखादं मुंडकंही निघे. आई ते सगळं सुपलीत भरून मागच्या उकिरड्यावर टाकून येई आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, अप्पांची लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या पोटात चहा जायचा नाही, आणि अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलेलं नव्हतं. मांजर पाळायचं, पण मांजर काय खातं तिकडे बघायचं नाही, असा तो सगळ्यांच्या सोयीचा कारभार होता.

गंगी माझी होती. हे मी आज पन्नाशी उलटल्यावरही जरा आवाज चढवूनच सांगते. मी चार वर्षांची असताना आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनाजवळच्या मालाच्या शेडमागे ती मला सापडली, मी तिला फ्रॉकच्या ओच्यात घालून आणली, आणि आईने दोनदा बाहेर काढली तरी दोनदा परत आणली. पुढची बारा वर्षं ती आमच्या घराच्या आवाजांत मुरून गेली. सकाळी पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की ती उठे, आई भाकरी थापायला बसली की परातीशेजारी जाऊन बसे, येसरच्या आमटीला फोडणी बसली की शिंकत बाहेर पळे, आणि दुपारी परळीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली की कूस बदले. त्या वर्षांत आमच्या दुकानाचा चेहरा बदलत होता. गुळाच्या ढेपांसमोर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या. त्या वाऱ्याने सळसळल्या की गंगी पंजा मारायला उडी घेई आणि अप्पा, ज्यांनी आम्हा भावंडांची एकही खोडी कधी पोटात घातली नाही, ते फाटलेल्या पुड्या गोळा करून हसत.

शेजारी रेहाना राहायची. तिचे अब्बा कपडे शिवायचे, त्यांच्या मशीनची घरघर आमच्या मागच्या भिंतीतून दिवसभर ऐकू येई. तिची अम्मी सलमाखाला कोंबड्या पाळायची. आमच्या दोघींच्या परसांमध्ये कच्च्या विटांची एक भिंत होती आणि तिच्यातल्या दोन विटा पडून मांजर जाईल एवढी फट तयार झाली होती. रेहाना माझ्याच वर्गात होती, माझी मैत्रीण होती, आणि माझ्यापेक्षा सगळ्यात सरस होती. तिचं अक्षर टपोरं होतं, केस कमरेखाली होते, गणिताचे मास्तर फळ्यावर उदाहरण सोडवायला तिलाच बोलवत. एवढं सगळं मला चालत होतं. तिचं तिला असू दे, माझ्याकडे गंगी आहे, असा माझा हिशेब होता. खरं तर चालत नव्हतंच. चालवून घेत होते.

गंगी म्हातारी झाली ते आम्हाला उशिरा कळलं. दुकानातली पोती कुरतडलेली दिसू लागली तेव्हा अप्पा म्हणाले, "आळशी झाली." मग ती खंगू लागली. अंगावरचे केस राठ झाले, पाठीचा कणा हाताला लागू लागला, भाकरीचा तुकडा चावताना ती मान वाकडी करी आणि अर्धा टाकून देई. एक दिवस तुरीच्या पोत्यावर रोजच्यासारखी उडी मारायला गेली, हातभर आधीच पडली आणि घाबरून मोजमापाच्या टोपल्यांमागे जाऊन बसली. मी तिला उचललं. दारातून ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं, पण तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात असाव्यात तशा मोठ्याच होत्या. मी अप्पांना म्हटलं, हिला दवाखान्यात नेऊ. अप्पा म्हणाले, "दवाखाना बैलाला असतोय. मांजराला कसला आलाय." तरी दुसऱ्या दिवशी तेच दुकानावर चुलतभावाला बसवून निघाले.

तिला पिशवीत घालताना तिने मला कोपरापर्यंत ओरबाडलं. आरडाओरड ऐकून रेहाना भिंतीवरून डोकावली, मग आलीच. तिने गंगीच्या डोक्यावरून आपली ओढणी टाकली, कानामागे खाजवत काहीतरी पुटपुटली आणि पिशवीत अलगद ठेवून दिली. गंगीने हूं की चूं केलं नाही. अप्पा म्हणाले, "तू बी चल गं पोरी संगं." माझा हात चुरचुरत होता. त्याहून जास्त काय चुरचुरत होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

जनावरांचा दवाखाना गावाच्या बाहेर होता. बैलांना आवळून उभं करायची लोखंडी चौकट, फिनेलचा वास, आणि लिंबाखाली आपापल्या म्हशी धरून बसलेली माणसं. पिशवीतून मांजराचं डोकं निघालेलं बघून एक जण शेजारच्याला म्हणाला, "मांजराला बी नंबर लागला का बे आता?" डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी गंगीचा जबडा उघडला, हिरड्या दाबून पाहिल्या, मग बॅटरीचा झोत डोळ्यांत टाकून बराच वेळ वाकून राहिले. मी गंगीला धरलं होतं आणि ती वळवळत होती. डॉक्टर म्हणाले, "तू जरा बाजूला हो. तिला धरू दे." तिला म्हणजे रेहानाला. रेहानाने धरल्यावर गंगी मुकाट उभी राहिली आणि डॉक्टरांनी दोन किडके दात काढले.

"उंदीर मारायची कवापासून बंद झाली?" हात धूत डॉक्टरांनी विचारलं.

"वर्ष झालं असल," अप्पा म्हणाले.

"आन खायला काय देता?"

अप्पांनी छाती पुढे काढली. "दूध-भाकर. वशाट खातच न्हाई ती."

डॉक्टर थोडं हसले, पण लगेच गंभीर झाले. "अप्पा, बारा वर्षं ती तुमच्या दूध-भाकरीवर जगली न्हाई. उंदरांवर जगली. आता दात गेले, उंदीर गेले. मांसातलं एक सत्त्व मांजराला लागतंच, ते दुधात न्हाई आन भाकरीत बी न्हाई. ते मिळालं न्हाई की डोळ्यामागचा पडदा मरतो, काळजावर बी परिणाम होतो. मी हे पुस्तकात वाचलतं, बघतोय आज पहिल्यांदा. अजून थोडी नजर हाय. ती टिकवायची असल तर रोज उकडलेली कलेजी बारीक करून द्या, अंडं द्या. हिरड्या भरून येईस्तोवर मऊच द्या. पाणी भरपूर ठेवा. आन दर आठवड्याला वजन करा. वजन उतरलं की माझ्याकडं आणा, थांबू नका."

परतीच्या वाटेवर अप्पा मान खाली घालून चालले. भर बाजारात कुणी त्यांना खोटं पाडलं असतं तरी ती एवढी खाली गेली नसती. वेशीपाशी रेहानाच म्हणाली, "अप्पा, आमच्याकडं दोन टाइम येऊ द्या तिला. अम्मी कलेजी आणती, अंडी तर घरचीच हाईत. खाईल आन जाईल." अप्पा अडखळले, "पर पुन्हा ती आमच्या घरात..." त्यावर रेहाना म्हणाली, "तोंड पुसून पाठविते की."

ती खरोखर तोंड पुसून पाठवायची. दीड-दोन महिन्यांत गंगी ओळखू येईना. केसांवर तकाकी आली, कणा झाकला गेला, पोत्यावर नाही तरी पाटावर ती बिनचूक उडी मारू लागली. दर गुरुवारी अप्पा तिला दुकानातल्या मोठ्या तराजूत बसवून वजन करीत. माझ्या हातून ती पारड्यातून उडी मारून पळे, म्हणून अप्पा भिंतीवरून हाक मारत, "रेहाना, ये गं जरा." गिऱ्हाइकं कौतुकाने बघत. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "या पोरीच्या हातात गुण हाय." माझ्या हातात काय आहे, ते कुणी बोललं नाही.

आता माझ्याकडे दोन म्हाताऱ्या मांजरी आहेत आणि एक कुत्रा, तोही म्हातारा. दर सहा महिन्यांनी मी त्यांना डॉक्टरकडे नेते. दात बघून घेते, रक्त तपासते, कुणी पाणी जास्त प्यायला लागलं तर मूत्रपिंडाचं काही नाही ना म्हणून त्याच आठवड्यात धावते. मांजर आजार लपवतं, ते सांगेपर्यंत वाट बघायची नसते, हे मी शेजारणींना इतकं ऐकवते की त्या मला टाळतात. दवाखान्यात एक मदतनीस मुलगी आहे. माझी थोरली मांजर तिच्या हातात गेली की सुखाने घुरघुरते, आणि माझ्या आत अजूनही काहीतरी करपतं. वयाने माणूस निवळतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही.

तर, गंगी सुधारली त्या वर्षीचा श्रावणातला सोमवार होता. उपासाची भगर खाऊन मी परसात हात धुवायला गेले आणि भिंतीवरून पलीकडे बघितलं. रेहाना बाजेवर बसली होती. तिच्या मांडीवर गंगी उताणी पडली होती, चारी पाय वर, पांढरं पोट उघडं. बारा वर्षांत ती माझ्याजवळ कधी अशी उताणी झोपली नव्हती. रेहाना तिच्या पोटावरून हात फिरवत म्हणत होती, "गंगू, मेरी गंगू." तिने नावही बदललं होतं. मी तिथेच जळत उभी राहिले. मला रेहानाचा राग आला, गंगीचा आला, रेहानाला हाक मारून बोलावणाऱ्या अप्पांचा आला, आणि उकडलेल्या कलेजीच्या त्या वासाचा तर सगळ्यात जास्त आला, कारण त्या वासाचं काही मी आमच्या घरात गंगीला कधीच चारू शकणार नव्हते.

संध्याकाळी हापशावर रेहाना भेटली. मी घागर भरत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर भेटलेते. तिचं वशाट बंद करायला सांगितलंय."

"कावून? चांगली झालती की."

"मूत्रपिंडावर ताण आलाय म्हणले. म्हातारपणी असं होतंय. आता नुसतं दूध-भात. आन हिंडणं-फिरणं बी कमी."

रेहानाचा चेहरा उतरला. "मी जास्ती तर न्हाई ना दिलं गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला काय माहीत."

मूत्रपिंड हा शब्द मी डॉक्टरांच्याच तोंडून दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याबद्दल ऐकला होता. अप्पांना मी वेगळंच सांगितलं, की गंगी सुधारली, आता कलेजीची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. अप्पांनी उलटून विचारलं नाही. त्यांना ते ऐकून इतकं हायसं वाटलं, की दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला त्यांनी पुन्हा शाकाहारी मांजर दाखवली. त्याच सुमारास दुसऱ्या दवाखान्याचा कारभारही आमच्या डॉक्टरांच्या गळ्यात पडला. ते गावोगाव लसी टोचत फिरत होते, महिनोन् महिने दिसले नाहीत. भिंतीच्या फटीत मी घासलेटचा रिकामा डबा ठोकून बसवला.

पहिले आठ-दहा दिवस गंगी त्या डब्याशी बसून ओरडली. मग ओरडायची थांबली आणि माझ्या मांडीवर येऊन बसू लागली. मी अभ्यास करताना, भाजी निवडताना, शेंगा फोडताना ती मांडीवर असे. खरं सांगायचं तर माझ्या लहानपणातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते. रेहाना रोज शाळेच्या वाटेवर विचारायची, "कशी हाय गं ती?" आणि मी म्हणायची, "हाय बरी. पथ्य चालू हाय." गुरुवारचं वजन मीच बंद पाडलं होतं. गंगीचा कणा पुन्हा हाताला लागू लागला, ते मला समजत होतं. दसऱ्याच्या दिवशी ती चालत आली आणि तिने पुढचा पाय सरळ दुधाच्या वाटीत घातला. मग भिजलेला पाय तसाच वर धरून उभी राहिली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी मी फडक्याने पाय पुसला आणि तिला मांडीवर घेतलं. अजून थोडे दिवस, असं मी स्वतःला म्हणाले. थोडे दिवस कशासाठी, ते म्हणाले नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा डॉक्टर पोहे घ्यायला दुकानात आले. मी माळेच्या पुड्या मोजत होते. रेहाना रवा न्यायला आलेली होती. तिने ओढणी सावरून विचारलं, "डॉक्टर, आता गंगीला थोडं थोडं वशाट द्यावं का? तुमी बंद करायला सांगितलतं, तवापासून बंदच हाय."

"मी? मी कवा सांगितलं?"

अप्पांच्या हातातला तराजू तसाच राहिला. रेहाना माझ्याकडे वळली. मी पुड्यांकडे बघत राहिले. आता ती बोलणार, सगळं सांगणार, असं वाटून माझे कान तापले. रेहाना म्हणाली, "आमच्याच ऐकण्यात चूक झाली असल."

गंगीला आणलं. डॉक्टरांनी तिच्यासमोर बोट हलवलं, मग दुकानातला वातींचा कापूस घेऊन त्याचा बोळा तिच्या नाकासमोरून खाली सोडला. तिची मान हलली नाही. "नजर गेली," ते म्हणाले. अप्पांनी विचारलं, "चालू ठिवलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं सांगता येत न्हाई. पर थोडी ऱ्हायली असती बहुतेक. आता डोळे येणार न्हाईत. काळीज वाचवायचं असल तर आजपासून पुन्हा सुरू करा." अप्पा खाली बसले. शाकाहारी मांजराची गोष्ट त्यांनी त्यानंतर कधी कुणाला सांगितली नाही.

मी मागच्या दाराने रेहानाच्या परसात गेले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी म्हणाले, "तू माझं नाव का न्हाई घेतलं?"

"घिऊन काय करू? तिला दिसणार हाय का?" ती दाणे टाकतच राहिली. मग म्हणाली, "मांजर तुझीच होती की गं, नंदे. मी निस्ती चारत होते." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "कलेजी अम्मी आणल. पर आता मी न्हाई चारणार. तू यायचं, तुझ्या हातानं चारायचं."

मी घरी आले आणि अप्पांना सगळं सांगितलं, हापशावरचं, डब्याचं, वजनाचं. ते मारतील असं वाटलं होतं. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाच्या करंडकावर हात ठेवला. मग म्हणाले, "चार. उंबऱ्याच्या भाइर. आन आंगुळ केल्याबिगर घरात पाऊल ठिवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उपटून काढला आणि त्या परसात बाजेशेजारी जमिनीवर बसले. सलमाखालाने उकडलेली कलेजी ताटलीत दिली, मी ती बोटांनी कुस्करली. बोटं चिकट झाली. गंगी फटीतून आली, मिशा भिंतीला घासत, एक एक पाऊल चाचपत. मी हाक मारली, "गंगे, ये." ती जागीच थांबली. तिने कान माझ्याकडून फिरवले आणि आतल्या दाराकडे केले. तिथे चौकटीला टेकून रेहाना उभी होती, काही न बोलता. मी पुन्हा हाक मारली तेव्हा गंगी दोन पावलं मागे सरली.

मग मी गप्प बसले आणि नुसता हात पुढे केला. ती आली. बोटं हुंगली, सगळं चाटूनपुसून खाल्लं, माझ्या मनगटावर कपाळ घासलं आणि तिथेच, मातीत, उताणी होऊन घुरघुरू लागली. तिला वाटलं होतं रेहानाच आहे. रेहानाने ते पाहिलं आणि ती आत गेली. मी तोंडाला ओढणी लावून बसून राहिले. मी आहे, एवढं सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ती उठली असती. गंगी त्यानंतर पावणेदोन वर्षं जगली. मी तिला रोज दोन वेळा चारलं, आणि तेवढ्या सगळ्या दिवसांत चारताना तिच्याजवळ एकदाही तोंड उघडलं नाही.